बोगद्यातली गाडी, तळ्याकाठची गाडी

ऑक्टोबर निम्मा सरला की या देशाला पानांचा ताप चढतो. टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात लाल रंग उत्तरेकडून हळूहळू खाली उतरू लागतो. स्टेशनांवर मेपलच्या पानांची पोस्टरं लागतात. कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या रात्रंदिवस उघड्या दुकानांत, रताळ्याच्या चवीचं जे जे करता येईल ते सगळं मांडलं जातं. टोकियोत तोयोसुला असलेल्या आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एरवी एकमेकांच्या बुटांकडे पाहत उभी राहणारी माणसं हळूच विचारतात, यंदा पानं बघायला कुठे? झाड थंडीच्या आधी पानं टाकून देतं, एवढीच मुळात घटना. पण तिचं वेळापत्रक निघतं, तिच्यासाठी रजा टाकल्या जातात, आणि पानं चार दिवस उशिरा लाल झाली तर लोक झाडाकडे असं बघतात, जणू त्यानं डेडलाइन चुकवली.

टोकियोशेजारच्या इचिकावातल्या आमच्या इमारतीखाली गिंकोचं एक झाड आहे. ते पिवळंधमक होतं तेव्हा त्याच्या फळांचा कुजका, आंबूस वास जिन्यापर्यंत चढून येतो. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे सकाळी हाताला गार लागतात, ओले आहेत की नुसते थंड ते कळत नाही, आणि खालून तो वास येत राहतो. त्या वासाचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मग आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर वर्षीचा प्रश्न येतो. जपानी आल्प्समधल्या त्या अमुक गावाला जायचंय, सीनिक रूट घ्यावा की फास्ट? विचारणारा नवीन असतो, पुण्याहून नुकताच आलेला, अजून कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगही पाठ न झालेला. उत्तर देणारे जुने असतात आणि ते उत्तरं अशी देतात, जणू डोंगर त्यांनीच बांधले. वेगवान रस्ता म्हणजे टोकियोहून शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, नागानोपर्यंत सुसाट जायचं आणि तिथून बस पकडायची. देखणा रस्ता म्हणजे शिंजुकुहून एक्स्प्रेसनं मात्सुमोतोला जायचं आणि तिथून दोन डब्यांच्या एका साध्या गाडीनं, एका बाजूला डोंगरांची भिंत आणि मध्येच तळी, अशा खोऱ्यातून प्रत्येक फालतू स्टेशनावर थांबत थांबत वर जायचं. गाव एकच. पण भांडण असं रंगतं की वाटावं एक रस्ता मोक्षाला जातो आणि दुसरा भिवंडीला.

मला दोन्ही पंथांचा सारखाच कंटाळा आहे. वेगवाले वेळ वाचवतात आणि त्या वाचवलेल्या वेळात नागानो स्टेशनवर सफरचंदाच्या बिस्किटांच्या रांगेत उभे राहतात. देखण्या रस्त्याचे भक्त त्याहून वाईट. ते खिडकीची बाजू ठरवून बसतात, ठरलेल्या वळणावर फोन उचलतात, डोंगर पकडला की ठेवून देतात आणि पुढचं वळण येईपर्यंत मागच्या डोंगराला गाणं लावत बसतात. आणि ते नावच बघा, आल्प्स. कोणा इंग्रज साहेबाला इथले डोंगर पाहून तिकडचे आठवले आणि यांनी ते नाव पदकासारखं छातीवर लावून घेतलं. आपण हसू नये म्हणा, आपल्याकडे प्रत्येक घाटाला कोणाचं ना कोणाचं स्वित्झर्लंड म्हणायची हौस आहेच.

मी ग्रुपवर काही लिहीत नाही. प्रश्न वाचते आणि फोन पालथा ठेवते. पण तो प्रश्न आला की मला सासूबाई आल्या होत्या तो ऑक्टोबर आठवतो, आणि त्या ऑक्टोबरात हाच प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर कसा नासत पडला होता तेही.

सासरे जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. सासूबाई कराडला एकट्या राहत होत्या. आयुष्यभर त्यांनी तिथल्या शाळेत भूगोल शिकवला. त्यांना घेऊन नवऱ्याचा थोरला भाऊ, आमचे विवेक भावोजी, पुण्याहून स्वतः आले होते. भावोजी एका मोठ्या कंपनीत फार वरच्या जागेवर आहेत. त्यांना घरात बोलतानाही समोर स्क्रीन आहे असं वाटतं. "आपण तीन गोष्टी बघू," असं म्हणून ते बोलायला सुरुवात करतात आणि समोरचा तिसऱ्या गोष्टीपर्यंत टिकला तर चौथी सांगतात. माझा नवरा समीर त्यांच्यापुढे शाळकरी होतो. एरवी घरात मतं मांडणारा माणूस भाऊ आला की मान हलवणारा होतो, आणि भाऊ गेला की मला सांगतो की त्याला ते पटलं नव्हतं.

आईंचं पुढे काय, हा विषय होता. तो फोनवर झाला होता, इचिकावाच्या घरात दोघा भावांनी बाल्कनीत उभं राहून कुजबुजत केला होता, पण अजून आईंसमोर झाला नव्हता. तो कुठे काढायचा, तर डोंगरातल्या त्या गावी. अशा गोष्टी निसर्गाच्या सान्निध्यात बोललेल्या बऱ्या, असं भावोजी म्हणाले. माणसाला त्याच्या घरातून उठवायचं तर निदान जागा देखणी बघावी, एवढा विचार त्यांनी केला होता. त्यांचा बेत होता की कराडचा फ्लॅट बंद करायचा आणि पुण्याबाहेरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत आईंना ठेवायचं. तिथे योगा असतो, भजन असतं, बटण दाबलं की नर्स येते. भावोजींनी तिथे शब्दही टाकून ठेवला होता. समीरचा बेत असा, की व्हिसा देईल तेवढे दिवस आईंनी इथे यावं आणि बाकीचं वर्ष दादाकडे काढावं. आईवरच्या प्रेमानं भरलेल्या दोन्ही बेतांत एक गोष्ट सारखी होती. दोघांच्याही बेतात आई वर्षाचा मोठा भाग दुसरीकडेच होती.

पण हे मोठं भांडण राहिलं बाजूला, आणि दोघे भाऊ भांडले ते गाडीवरून. भावोजी शिन्कान्सेनच्या बाजूचे. गाडी बदलायची कटकट नाही, आईचे गुडघे, सामान, वेळ. समीर देखण्या रस्त्याच्या बाजूचा, कारण त्यानं कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. वरून, पाखराच्या नजरेनं काढलेला, हिरव्या-लाल खोऱ्यातून दोन डब्यांची गाडी मुंगीसारखी चाललेली. तो व्हिडिओ त्यानं सगळ्यांना दाखवला. खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची, तळं कधी येतं, शिखरांवर पहिलं बर्फ आणि खाली लाल झाडी एकाच वेळी कशी दिसते, हे तो पोळी मोडता मोडता सांगायचा. गाडीतल्या माणसाला ते वरून दिसत नाही, हे मी एकदा म्हटलं. त्यानं माझ्याकडे दुखावून पाहिलं. आमची मुलगी इरा तेव्हा सहावीत होती. तिला विचारलं तर ती "बेत्सुनी" म्हणाली, म्हणजे काही विशेष नाही, आणि खोलीत गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं.

सासूबाई हे सगळं ऐकत बसायच्या. त्यांच्याबद्दल इथे खरं ते सांगायला हवं. आम्हा दोघींचं एकमेकींशी कधी जमलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी आमटी केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, दवाखान्यातल्यासारखी झालीय, पण चालेल. इराच्या वेळी त्या इथे आल्या, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून त्यांनी आतल्या पदार्थाकडे कीव केल्यासारखं पाहिलं होतं. त्यांना सगळ्यातच खोट दिसते. या खेपेला त्यांनी आमचा कचरा वेगळा करायचा सोहळा पाहिला. दुधाचा खोका धुवायचा, कापायचा, वाळवायचा, मग टाकायचा. त्या म्हणाल्या, "टाकायच्या वस्तूची एवढी सेवा करता, ठेवायच्या वस्तूचं काय करता?" मी खोका कापत राहिले. पण मनातल्या मनात मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

निघायच्या आदल्या दिवशी भावोजींनी निकाल लावायचं ठरवलं. आईलाच विचारू, असं ते म्हणाले. मुलं आईला विचारतात तेव्हा आपलंच उत्तर येणार अशी त्यांची खात्री असते. दोघेही आईंकडे पाहून हसत बसले. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही दोघं इराला घेऊन त्या वेगवान गाडीनं जा," त्या म्हणाल्या. "सामानही न्या. मी अनघाबरोबर दुसऱ्या गाडीनं येते."

अनघा म्हणजे मी. या बाईबरोबर अर्धा दिवस, एका बाकावर. मला वाटलं, समीर आता म्हणेल मीही येतो. आठवडाभर ज्यानं त्या खोऱ्याची आरती केली, खिडकीची बाजू सांगून सांगून ज्यानं आमचे कान किटवले, तो क्षणभरही न थांबता म्हणाला की बरोबर आहे, इराला लवकर पोचलेलं बरं, आणि दादाला एकट्याला बस सापडायची नाही. वर्षानुवर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्याबद्दल इतका स्वच्छ, निखळ तिटकारा मला क्वचितच वाटला असेल. राग नव्हता तो. राग यायला समोर काहीतरी वजनदार लागतं.

शिंजुकुहून आम्ही दोघी निघालो. शहर संपायलाच बराच वेळ गेला, मग बोगदे, मग कोफुच्या खोऱ्यात द्राक्षांचे मांडव दिसू लागले, पानं तांबूस झालेले, रिकामे. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मला भीती होती की त्या आता भूगोल शिकवणार. पण त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, मला दिली, स्वतः घेतली. डावीकडच्या डोंगरांच्या मागे क्षणभर फुजीचा माथा दिसला आणि डब्यातले सगळे फोन त्या बाजूला वळले. सासूबाईंनी त्या फोनांकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि चटणीचं बोट चाटलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आई, तुम्ही शाळेत जपान शिकवायचात ना? आता प्रत्यक्ष बघताय."

त्या म्हणाल्या की हो, जपान हा द्वीपसमूह आहे, येथे वारंवार भूकंप होतात, येथील लोक उद्यमशील आहेत. प्रत्येक वर्षी नव्या वर्गाला तेच सांगितलं. पोरं मान खाली घालून लिहून घ्यायची. त्यांना नको असायचं, मलाही नको असायचं, पण तास भरायचा असायचा. एवढं बोलून त्या पुन्हा बाहेर पाहू लागल्या.

मात्सुमोतोला गाडी बदलली. दोन डबे, शेवाळी रंगाच्या सीटा, सीटखालून पायांना लागणारी ऊब. दार उघडायला बटण दाबावं लागतं, तोपर्यंत स्टेशनावर गाडी मुकाट उभी. आत शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या, लोणच्यांच्या डब्यांच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या, आणि आमच्यासारखे बघायला निघालेले. बाहेर कापलेल्या भाताची खोडकं, भाताच्या पेंढ्या, पानं गळून गेलेल्या झाडांवर नुसतीच केशरी फळं. सफरचंदाच्या बागांत झाडाखाली चकचकीत चंदेरी कागद अंथरलेले, फळाला खालूनही ऊन लागावं म्हणून. आणि या सगळ्याच्या मागे, एकदम, पायऱ्या न चढता उभी राहिलेली डोंगरांची भिंत. वर पांढरी, मधे तपकिरी-लाल, खाली अजून हिरवी. खरंच सुंदर होतं ते. मला त्याचाच राग येतो. ज्या गोष्टीचं इतक्या मूर्खांनी इतकं कौतुक केलंय, ती गोष्ट निदान सामान्य असावी.

एक गोरा पाहुणा आमच्या खिडकीसमोर तिपाई लावून उभा राहिला. त्याचं ढुंगण आणि कॅमेरा यांच्या मधून थोडा डोंगर दिसत होता. मी इंग्रजीत सभ्य वाक्य जुळवत होते, तेवढ्यात सासूबाई त्याला शांतपणे मराठीत म्हणाल्या, "बाजूला व्हा. आम्हीही तिकीट काढलंय." तो वळला, त्याला शब्द कळले नाहीत पण सगळं कळलं, आणि त्यानं तिपाई मिटली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत, पण ओठ जरासे वाकडे झाले. माझेही झाले. मला वाटतं, सासू-सून म्हणून आमची खरी ओळख तिथे झाली.

तळं आलं तेव्हा गाडी अगदी काठानं चालली होती. पाणी हललेलं नव्हतं. समोरच्या टेकडीवरची लाल झाडी पाण्यात उलटी दिसत होती, आणि एक रिकामी होडी दोराला बांधलेली. गाडी एका चिमुकल्या स्टेशनावर थांबली. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. तिथे सासूबाई बोलल्या.

"विवेक काय बोलणार आहे ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बाल्कनीत उभं राहून कुजबुजतात दोघं, आणि दार उघडं ठेवतात. मी बहिरी नाहीये."

मी म्हटलं, तुम्हाला नसेल जायचं तर मी समीरशी बोलते.

"तू मुळीच बोलू नकोस. तू बोललीस की समीर ऐकत नाही, आणि विवेक ऐकल्यासारखं करतो. मला तुझी मदत नकोय. मी फक्त तुला आधी सांगतेय."

मग त्यांनी सांगितलं. शाळेत त्यांच्याबरोबर शिंदेबाई म्हणून खेळाच्या शिक्षिका होत्या. लग्न केलेलं नाही, निवृत्त होऊन कोल्हापूरला राहतात. दोघींनी तिथे मिळून एक घर घेतलं होतं, भाड्यानं, तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा असलेलं. बोलणं पक्कं झालं होतं. शिंदेबाई तिथे राहायलाही गेल्या होत्या. सासूबाई परत गेल्या की कराडचं सामान हलवणार होत्या. मुलांना कळवायचं तेवढं बाकी होतं.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. माझ्या घरातल्या डब्यांची झाकणं वाचली. मग मला हेवा वाटला. आणि मग, गाडी हलली आणि पाणी मागे सरकू लागलं तेव्हा, मला एकदम फार आनंद झाला, का ते नीट सांगता येणार नाही. मी विचारलं, मलाच आधी का सांगितलंत?

त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "तुला मी आवडत नाही. मलाही तू काही फार आवडत नाहीस. पण गेला आठवडाभर त्या दोघांचं गाड्यांवरचं भांडण चाललं होतं, तेव्हा तुझं तोंड मी बघत होते. या घरात माझ्यासारखं तोंड करणारं दुसरं कोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं."

पुढचा सगळा प्रवास आम्ही बोललो. आईबाप, देव, माया यावर एक शब्द नाही. आम्ही माणसांना नावं ठेवली. भावोजींच्या तीन गोष्टी, समीरची मान, नातेवाइकांतले ते काका, जे प्रत्येक लग्नात आहेराची पाकिटं चाचपून बघतात, त्यांच्या शाळेतले मुख्याध्यापक, माझ्या ऑफिसातला ताकाहाशी-सान, जो सुट्टी घेताना माफी मागतो आणि आल्यावर बिस्किटं वाटतो. सासूबाई एकेकाला दोन वाक्यांत संपवत होत्या. त्या नावं ठेवण्याला एक उंची होती. त्यात चिडचिड नव्हती, एखाद्यानं निवांत बसून गहू निवडावेत तसं ते चाललं होतं. बाहेर जगातला एक उत्तम देखावा चालला होता आणि आम्ही दोघींनी बराच वेळ त्याच्याकडे पाठ केली होती. कोणी मला विचारलं की तो रस्ता खरंच इतका सुंदर आहे का, तर माझी पंचाईत होते ती यामुळे. अर्धा मी पाहिलेलाच नाही.

गावात आमचा मुक्काम एका मिन्शुकुत होता, म्हणजे कुटुंबानं चालवलेल्या घरगुती उताऱ्यात. मालकीणबाई वयस्क होत्या. सासूबाईंना जमिनीवर बसता येत नाही हे पाहून त्यांनी न विचारता एक ठेंगणी खुर्ची आणून ठेवली, त्यामुळे जेवताना सासूबाई आम्हा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसत होत्या. भावोजी आणि समीर ताजेतवाने होते. ते आमच्या कितीतरी आधी पोचले होते. लवकर पोचून त्यांनी काय केलं, असं विचारलं तर कळलं की खोली उघडायची वेळ झाली नव्हती म्हणून ते बसस्टॉपशेजारच्या कोंबिनीत कॉफी पीत बसले होते. इरानं तिथे दोन मासिकं वाचून संपवली.

गरम सोबा नूडल्स आल्या, रानभाज्यांची भजी आली, मुळ्याचं लोणचं आलं. भावोजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, आई, आपण तीन गोष्टी बघू. पहिली गोष्ट सुरक्षितता. दुसरी गोष्ट सोबत. त्यांनी त्या वसाहतीचं वर्णन असं केलं की मलाही क्षणभर म्हातारं व्हावंसं वाटलं. सासूबाईंनी मधे तोडलं नाही. तिसरी गोष्ट होऊ दिली. मग त्यांनी कोल्हापूर, शिंदेबाई, तळमजल्यावरचं घर हे सगळं बाजारहाट सांगावा इतक्या सरळपणे सांगितलं.

भावोजींच्या हातातल्या काड्यांमधलं भजं बशीत पडलं. ते म्हणाले, आई, हे प्रॅक्टिकल नाहीये. मग म्हणाले की शिंदेबाईंचं वय काय, त्या आजारी पडल्या तर कोण कोणाला बघणार. मग म्हणाले, नातेवाइकांना काय सांगायचं, दोन मुलं असताना आई भाड्याच्या घरात परक्या बाईबरोबर राहते म्हणून? शेवटी मुद्द्यावर आले म्हणायचे. समीरचे डोळे भरून आले. त्याचे डोळे अशा वेळी भरून येतात, आणि ते भरले की त्याला वाटतं आपलं काम झालं.

"आमच्याकडे तुला काय कमी आहे आई?" तो म्हणाला.

"कमी काहीच नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "मी जास्त आहे."

इरा एवढा वेळ मान खाली घालून जेवत होती. तिनं आजीकडे पाहिलं आणि तुटक्या मराठीत विचारलं की कोल्हापूरच्या घरी मी सुट्टीत येऊ का. सासूबाई म्हणाल्या, ये, पण शिंदेबाई पहाटे धावायला नेतील, तक्रार करायची नाही.

ती गोष्ट पुढे कशी झाली ते सांगून टाकते. सासूबाई परत गेल्या आणि बोलल्याप्रमाणे कोल्हापूरला राहायला गेल्या. दोघी सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, एक झपझप पुढे आणि एक गुडघे सांभाळत मागे. टीव्हीवरून भांडतात, मिठावरून भांडतात, आणि एकमेकींच्या औषधांच्या वेळा पाळतात. शिंदेबाईंचा पाय मोडला तेव्हा सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं, आणि ते करताना त्यांना किती बोलणी ऐकवली असतील ते मी कल्पनेनं जाणते. भावोजी अजून लोकांना सांगतात, आई सध्या मैत्रिणीकडे असते. कितीतरी पावसाळे गेले, त्यांचं 'सध्या' अजून चालूच आहे. समीर म्हणतो की त्याला सुरुवातीपासून आईचं पटलं होतं. मी ऐकून घेते आणि त्याच्याकडे तशाच तोंडानं बघते. रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा त्या आधी माझ्या मागच्या ओट्याकडे पाहतात, मग मला म्हणतात, सांग, या आठवड्यात कोण कोण मूर्खासारखं वागलं. मी सांगते. आठवडाभर मी त्यासाठी साठवलेलं असतं. लोकांना आईशी बोलून मन हलकं वाटतं म्हणतात, मला या बाईशी बोलून मन धारदार झाल्यासारखं वाटतं.

पण मला आठवतो तो त्या गावातला दुसरा दिवस, आमच्या परतीचा. रात्री थोडं बर्फ खाली उतरलं होतं. लाल पानांवर पांढरी भुकटी पडली होती आणि बाहेर पडलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात फोन होता. हवेत लाकूड जळल्याचा वास होता, गिंकोचा नव्हे, स्वच्छ, कोरडा. सासूबाई शालीत गुंडाळून, हातमोजे घालून मिन्शुकुच्या दारात उभ्या होत्या. त्यांची बॅग भरून तयार होती.

भावोजी सकाळपासून मवाळ होते. हरलेला माणूस उदार झाला की त्याच्याकडे पाहवत नाही. त्यांनी समीरशी बोलून ठरवलं होतं की परत जाताना सगळ्यांनी मिळून देखण्या रस्त्यानं जायचं, आईसाठी. त्यांनी ते आईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात एखादी भेट द्यावी तसा सूर होता. ते म्हणाले, आई, तू काल अनघाबरोबर आलीस, आज आपण सगळे त्या गाडीनं जाऊ, तळं पुन्हा बघ, डोंगर बघ, तू म्हणशील तिथे उतरू, घाई करायची नाही. समीरनं लगेच सांगितलं की परतीला खिडकीची बाजू उलटी घ्यायला हवी.

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. मला वाटलं, या आता नरम होतील. आई म्हणून, म्हातारी म्हणून, निदान थंडीमुळे. समोरच्या रस्त्यावर नागानोकडे जाणारी बस वळण घेऊन येत होती, तिच्या टपावर बर्फ होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवं तर तुम्ही जा तिकडून. मला आता घाई आहे."

आणि आपली बॅग आपणच उचलून, आमच्यापैकी कोणाचीही वाट न बघता, त्या बसकडे चालू लागल्या.